दाबून धर, सोडू नकोस!

"अडीच तास! फार तर पावणेतीन!" नागोराव वाघमाऱ्यांनी खोका जेवणाच्या टेबलावर आपटून जाहीर केलं. "रविवारी आठला सुरू, साडेदहाला खलास! अकरा वाजता आपण तिघं खडकवासल्याला कणसं खायला!"

खोक्यात त्यांच्या शहाऐंशी सालच्या, म्हणजे सोळा वर्षांच्या पद्मिनी गाडीसाठी नाना पेठेतून आणलेले नवे डिस्क ब्रेक होते. सोबत पेडलचा जोर वाढवणारा, पातेल्याएवढा बूस्टर. टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढलेले नागोराव म्हणजे भर पावसात खांबावर चढून लाईन जोडणारा माणूस. मेकॅनिककडे जाणं त्यांना परीक्षेत कॉपी करण्यासारखं वाटे.

पण या खेपेला गाठ कल्याणीशी होती. लेक हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये लागल्यापासून घरातलं तिचं वजन वाढलं होतं. त्यात मागच्याच आठवड्यात चांदणी चौकाच्या उतारावर पद्मिनी एका बसच्या पाठीला नाक लावून थांबली होती.

"बाबा, ही गाडी थांबत नाही. थांबण्याचा विचार करते! आईला मी हिच्यात बसू देणार नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत नीट थांबवून दाखवा, नाहीतर सोमवारी भंगारवाला येईल. मी बोलून ठेवलंय."

"भंगारवाला?" नागोरावांना नातेवाईक वारल्यासारखा धक्का बसला.

रविवार उजाडला. अमेरिकेत काहीतरी बंद पडलं म्हणून कल्याणी सकाळीच ऑफिसला गेली. नागोराव आठला गाडीखाली शिरले. साडेदहाला कुठे पहिला नट सुटला. अकराला खडकवासल्याचा विषय कुणी काढला नाही. दुपारी तीनला सगळं बसलं आणि एकच काम उरलं, ब्रेकच्या नळीतली हवा काढायची. त्याला माणसं लागतात दोन. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खालून बारीक तोटी उघडून हवा आणि जुनं तेल बाहेर सोडायचं. तोटी बंद व्हायच्या आत पेडल सुटलं, तर हवा परत आत. की पुन्हा पहिल्यापासून!

"नंदा, मी सोड म्हणेपर्यंत पाय काढायचा नाही. आभाळ कोसळलं तरी!"

"कळलं," त्यांच्या पत्नी नंदाताई म्हणाल्या. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. एकदा घेतलेली सूचना अर्धवट पाळणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

तीन चाकं पार पडली. चौथं भिंतीच्या बाजूचं; ते काढून गाडी जॅकवर चढवलेली. तिथं कोपऱ्यात इतका अंधार की नागोरावांनी टॉर्च दातात धरला. दोन हातांत दोन पाने, तोंडात टॉर्च, पाय मात्र गाडीच्या अलीकडून बाहेर पसरलेले. तोटी उघडली आणि सोळा वर्षांचं गंज खाल्लेलं लालभडक तेल भळाभळा फरशीवर आलं.

नेमक्या त्याच वेळी पहिल्या मजल्यावरच्या मंदाकिनीबाई आपटे वाळलेले कपडे काढायला गॅलरीत आल्या. त्यांना काय दिसलं? वाघमाऱ्यांच्या गाडीच्या स्टिअरिंगवर नंदाताई. गाडीखालून आलेले दोन निश्चल पाय. आणि पायांशी पसरत चाललेलं लाल थारोळं!

"अगंबाई! अहो, धावा! वाघमारेबाईंनी वाघमाऱ्यांना चिरडलं होऽ!"

गाडीखाली नागोरावांना फक्त शेवटचा 'होऽ' ऐकू आला. मग धाडधाड पावलं. त्यांना दिसत होत्या त्या नुसत्या चपला. ह्या मंदाकिनीबाईंच्या सपाता. हे आपट्यांचे घरातले बूट, म्हणजे सोसायटीचे चेअरमन जातीनं खाली आले! हे वॉचमन बद्रीनाथचे प्लॅस्टिकचे सँडल. वरच्या फ्लॅटमधल्या चार कॉम्प्युटरवाल्या पोरांचे आठ स्पोर्ट्स शूज.

"पाय काढा!" मंदाकिनीबाई खिडकीवर थापा मारत होत्या. "आधी पाय काढा तिथून!"

"नाही!" नंदाताई ठाम. "ते सोड म्हणेपर्यंत नाही!"

"ते आता काय म्हणणार आहेत हो!"

"मी ब्रेकच दाबलाय!"

"आता दाबून काय उपयोग!"

डॅशबोर्डवरची छोटी बुद्धमूर्ती तेवढी शांत होती.

"फार वाईट झालं," आपट्यांचा आवाज आला. "माणूस सरळ होता. दोन गाड्यांची जागा अडवायचा, पण सरळ होता."

कोण बरं? नागोरावांना खरंच वाईट वाटलं. सोसायटीत कोणीतरी गेलं आणि आपल्याला पत्ताच नाही! दोन नंबरचे देशपांडे? पण त्यांच्याकडे तर सायकलसुद्धा नाही.

"सायेब, पाय गार पडल्यात बगा," बद्रीनाथनं त्यांच्या तळव्याला बोट लावलं. "वाघमारे सायेब गेले."

नागोराव हादरले. मी? क्षणभर त्यांनाही शंका आली. "ऊंऽ! ऊंऊंऽ!" टॉर्च तोंडात ठेवूनच ते ओरडले. टॉर्च काढायचा तर पाना सोडायला हवा, पाना सोडला तर तोटी उघडी!

"कण्हतायत! जीव आहे!" मंदाकिनीबाईंनी हंबरडा फोडला. "अहो, ॲम्ब्युलन्स! आणि कल्याणीला फोन!"

"अंकल, डोन्ट वरी!" चार पोरांनी गाडीला हात घातला. "उठाओ! एक, दो, तीन!" पद्मिनी हातभर वर उचलली गेली. बद्रीनाथनं दोन्ही घोटे पकडून असा हिसका दिला की नागोराव पोत्यासारखे सरकत उजेडात आले. तेलानं माखलेले, तोंडात पेटता टॉर्च. मंदाकिनीबाई त्या प्रकाशझोतात किंचाळून मागे झाल्या.

नागोरावांनी टॉर्च थुंकला आणि पहिलं वाक्य उच्चारलं, "नंदा, पाय काढू नकोस!"

"काढला नाहीच!" आतून आवाज आला.

नागोराव पुन्हा आत सूर मारून, तोटी घट्ट आवळून बाहेर आले. "आता सोड."

पार्किंगमधले सगळे एक पाऊल मागे सरकले.

"म्हणजे तुम्ही जिवंत आहात?" आपट्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आनंद होता असं म्हणता येणार नाही. "मग आधी सांगायचं होतंत. आम्ही उगाच चांगलं बोललो."

ऑफिसातून घरी यायला निघालेली कल्याणी तेवढ्यात रिक्षातून उतरली. केस विस्कटलेले, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच. समोर लालभडक शर्टातले बाबा उभे.

"बाबा! रक्त!"

"तेल आहे गं."

ती धावत येऊन त्यांना बिलगली आणि लहान मुलीसारखी रडली. नागोरावांना काय करावं सुचेना. तेलकट हात तिच्या पाठीवर ठेवावा की नको, या विचारात तो हात अधांतरीच राहिला.

"रिक्षात काकूंचा फोन आला तेव्हा ना," ती हुंदके देत म्हणाली, "तिथपासून मी एकच म्हणत होते. मीच त्यांना म्हटलं, रविवारपर्यंत करून दाखवा. नको मला तो भंगारवाला. ठेवा गाडी. पण तुम्ही पुन्हा गाडीखाली जायचं नाही!"

"नाही जाणार," नागोराव म्हणाले. पण माणूस शेवटी टेलिफोन खात्याचा. "एकदा थांबवून तरी बघ. काम झालंय."

डोळे पुसत कल्याणी स्टिअरिंगवर बसली. पोरांनी चाक बसवून दिलं, पद्मिनी जमिनीवर आली. सगळी सोसायटी दुतर्फा उभी. गाडी गेटपर्यंत गेली, कल्याणीनं पेडलला पाय लावला आणि खच्च! पद्मिनी जागच्या जागी थांबली! टाळ्या पडल्या. नागोरावांची छाती खांबाएवढी झाली.

"बाबा, आता सुटत नाहीये."

पेडलवरून पाय काढला, गियर टाकला, पोरांनी ढकललं. पद्मिनी बरोब्बर गेटच्या मधोमध खिळ्यासारखी रुतलेली. आणि समोरून भोंगा वाजवत ॲम्ब्युलन्स आली.

"बाजूला घ्या! पेशंट सीरियस आहे म्हणाले!" चालक रतन उतरून धावला. "कुठंय पेशंट?"

सगळ्यांनी मुकाट्यानं पद्मिनीकडे बोट दाखवलं.

रतननं बॉनेट उघडलं, आत डोकावला. "काका, पेडलपासून पंपाकडे जाणारी सळई लांब ठेवलीत. तिला जरा मोकळीक द्या की! सतत दाबून धरल्यावर कोण सुटेल?" दहा मिनिटांत त्यानं सळई आखूड केली. चाकं सुटली. नागोरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मग रतननं छापील फॉर्म काढला. "बोलावलंय म्हटल्यावर भरावा लागतो. पेशंटचं नाव?"

"पद्मिनी," नागोराव खाली मान घालून पुटपुटले.

"वय?"

"सोळा."

"तक्रार?"

"सुटत नव्हती."

"पेशंट घरात कोण लागतं?"

नागोरावांनी तोंड उघडलं. तेवढ्यात दुखणारा पाय चोळत मागे उभ्या असलेल्या नंदाताई म्हणाल्या,

"सवत लिहा!"