पेटीवाल्या भिकूदादाचं गाऱ्हाणं

भिकूदादा कुणाला ‘बरा आसा मां?’ असं कधी विचारत नसे. माणूस समोर आला की म्हणे, “आ कर!” आपण ‘आ’ केलं की डोळे मिटून निकाल देई, “काळी दोन. पण सर्दी आसा.” आमच्या धुरीवाड्यातल्या यच्चयावत माणसांच्या आवाजाची पट्टी त्याला पाठ होती. मला बघायला आलेल्या मुलाला आणि त्याच्या आईलाही त्याने ‘आ’ करायला लावलं आणि मग माझ्या कानाशी लागला, “झील बरो आसा, पण आवशीची पट्टी चडी. तुका जमाचा नाय, गो बाय.” त्याने हे इतक्या मोठ्याने सांगितलं की ते स्थळ चहा पिऊन जे गेलं ते गेलंच.

हा गृहस्थ उभा जन्म दशावतारात पेटी वाजवत हिंडला. गुडघे गेले तेव्हा कंपनी सुटली, पेटी मात्र सुटली नाही. बायको वारलेली, मुलगा आगबोटीने मुंबईला गेला तो तिकडचाच झाला. मग दादाने पोरांवर आणि म्हाताऱ्यांवर पेटीचा इलाज सुरू केला. कुणी बोलावलं नाही तरी जाई.

शेजारचं तान्हं रडायला लागलं की हा पेटी घेऊन हजर. पोराची आई त्याला उगी करू लागली की तिच्यावरच खेकसे, “गप करू नको! आधी तेच्या वांगडा, तेच्याच सुरात रडाक होया.” मग रडण्याचा सूर शोधून तितक्याच जोराने पेटी वाजवायची. “आता दोगाय रडतत!” म्हणून बाया कपाळाला हात लावत. पण हळूहळू तो एकेक सूर खाली उतरे, पोर त्याच्यामागून उतरे आणि शेवटी जांभई देई. म्हाताऱ्यांकडे उलटं. त्यांच्या तरुणपणीचं गाणं शोधायचं. अंथरूण धरलेल्या ख्रिस्ती कातरीनमायसाठी तो त्यांच्या लग्नातली कोंकणी गाणी शिकून आला आणि ती इतकी चुकीची वाजवली, की ती त्याला शिव्या घालायला उठून बसली. “बघ, बसली!” दादा खूश.

त्या वर्षी माझ्या बाबांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. आई त्यांच्या उशाशी बसून राही. त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकायचा, एवढाच तिचा ध्यास. दादा रोज संध्याकाळी येऊन भजनं वाजवी, नाटकातली पदं वाजवी. बाबा आढ्याकडे बघत पडलेले.

एकदा दादा वैतागला. पेटी ढकलून त्याने हात जोडले आणि देवळात घालतात तसं चक्क गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा! ह्या घरातल्या धन्याची वाचा बंद झाली हा, ती परत येव दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” बाबा म्हणाले.

आई धाय मोकलून रडली. पण पुढे पंचाईत झाली. बाबांना तेवढंच येई, आणि ते कशालाही येई. वैद्यांनी विचारलं, “बरां वाटता?” “व्हय म्हाराजा.” “दुखता?” “व्हय म्हाराजा.” कोळीण शेवंताने गमतीत विचारलं, “काका, सगळे बांगडे हयच ओतू?” बाबांनी होकार दिला आणि तिने ओतले. तीन माणसांच्या घरात अख्खी टोपली! मीठ लावून, तळून, वाटून संपवले. देवळात गाऱ्हाण्याच्या प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, जन्मभराची ती सवय त्यांच्या जिभेला होती. मनातलं मात्र आतच अडकलं होतं. आईला ते कळत होतं.

एका संध्याकाळी मी शाळेतून आले, तर आतून दादाचा आवाज. पेटी मिटलेली. तो बाबांसमोर हात जोडून बसला होता.

“बा देवा म्हाराजा! मी आठ म्हयने नाटकात. घराक येवन झिलाक घेतलंय काय तो भोकाड पसरायचो. माका वळखल्यानच नाय. सगळ्यांची पोरां गप केलंय, माझा तेवडा माझ्याकडे कधी गप रवला नाय. आता तेका पोर झाला हा. ता तरी एकदा माझ्या मांडयेर बसू दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” बाबा म्हणाले.

दादाच्या घरात त्याच्या बोलण्याला ‘हो’ म्हणायला कुणी नव्हतं. तो रोज येई तो बाबांसाठीच, असं आम्ही समजत होतो. मला फार वाईट वाटलं. दादाने नाक पुसलं, पेटी काखेत घेतली आणि उठला. “येतंय,” म्हणाला.

बाबांचं तोंड वाकडंतिकडं झालं. कपाळावर घाम आला. मला वाटलं, पुन्हा झटका येतोय.

“र... रव.”

बाबा त्याला ‘थांब’ म्हणत होते. दादा उंबऱ्यातच थिजला. आई चुलीपासून धावत आली. तीन महिने ज्या शब्दाची वाट पाहिली तो आला होता, आणि तो तिच्यासाठी नव्हता. तिने पदराने डोळे पुसले, दादाच्या काखेतून पेटी काढून घेतली आणि म्हणाली,

“ऐकलास मां, भावजी? आता तुमका रवाकच होया.”