मास्तरांचा उजवा पाय

"अरुंद बोळातून उलटी गाडी काढायला शिकवतो मी लोकांना! तीन मिनिटांचं भाषण शिकवायला असा कितीसा वेळ लागणार?" मास्तर म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप अशा दिमाखात खाली ठेवला, की बक्षीस जणू बशीतच येऊन पडलं होतं!

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत, मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि त्या ब्रेकवरच मास्तरांची हयात गेली होती. ही सवय अशी अंगात भिनली होती, की बसमध्ये बसले तरी मास्तरांचा उजवा पाय ड्रायव्हरच्या आधी ब्रेक दाबायचा. सिनेमात नायकाची गाडी वळणावर आली की पुढच्या खुर्चीतला माणूस मागे वळून म्हणायचा, "काका, पाय!"

शहरातल्या निम्म्या गाड्या मास्तरांच्या विद्यार्थ्यांच्या हातात होत्या. लायसन नव्हतं ते फक्त त्यांच्या स्वतःच्या मुलीकडे! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दुसऱ्याची मुलगी स्टिअरिंगवर असली की मास्तर शांत असायचे. आपली बसली की उजवा पाय ब्रेकवरून निघायचाच नाही. गाडी फाटकाबाहेर कधी गेलीच नाही. शेवटी मुलीनेच एक दिवस हात जोडले, "बाबा, तुम्ही ब्रेक दाबा, मी चालत जाते!"

मुलीचं घरातलं नाव छकुली. रांगत होती तेव्हा ते शोभायचं. आता छकुली विद्यापीठात पीएचडी करत होती, चष्मा जाड झाला होता, पण घरात नावाला बढती मिळत नसते. तिचा विषय होता मुंग्या. बोटभर रुंदीच्या वाटेवरून हजारो मुंग्या जातात, येतात, पण कधी तुंबत नाहीत, ते कसं?

"म्हणजे वाहतूकच की!" विषय ऐकला त्या दिवशी मास्तरांची छाती अशी फुगली, की शर्टाचं एक बटण कायमचं गेलं. तेव्हापासून प्रत्येक शिकाऊ माणसाला पहिल्याच दिवशी ऐकावं लागे, "लेन सोडू नका! आमची छकुली मुंग्यांवर संशोधन करते. मुंगीसुद्धा लेन सोडत नाही!"

आता या भाषणाची भानगड अशी. संशोधन करणाऱ्या मुलांना आपला विषय सोडला तर बाकी सगळंच जड जातं, हे विद्यापीठाच्या, उशिरा का होईना, ध्यानात आलं होतं. त्यामुळे तिथे एक विकास कक्ष निघाला होता. मुलाखत कशी द्यावी, चार लोकांत कसं मिसळावं, अर्ज कसा लिहावा, सगळ्याच्या कार्यशाळा! छकुलीने एकही सोडली नाही. चारचौघांत कसं मिसळावं ते शिकून आली त्या दिवशी तिने दारात आलेल्या कुरिअरवाल्याशी हस्तांदोलन करून त्याच्या भविष्यातल्या योजना विचारल्या!

आणि आता या सगळ्याचा कळस, तीन मिनिटांत आपलं संशोधन सामान्य माणसाला समजावून सांगायची स्पर्धा. पहिल्या नंबराला एका दूरच्या जंगलातल्या संशोधन केंद्रात सहा महिने काम करायची संधी. जागा एकच. ज्या मुंग्यांवाचून छकुलीचं काम वर्षभर अडून बसलं होतं, त्या मुंग्या फक्त तिथेच होत्या. रात्री झोपेतसुद्धा ती त्या जंगलाचं नाव घ्यायची.

कक्षाच्या प्रशिक्षिका बाईंनी सांगितलं होतं, "ज्याला तुमच्या विषयातलं ओ की ठो कळत नाही, अशा घरातल्या माणसासमोर सराव करा." छकुलीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? ते बसलेत की समोर!"

सराव सुरू झाला. छकुलीने तोंड उघडलं मात्र, भाषण जे सुटलं ते उतारावरच्या ट्रकसारखं!

"थांब, थांब!" मास्तरांचा पाय फरशीवर आपटला. "पहिल्या गियरमधून थेट पाचव्यात? मुंग्या कधी आल्या नि कधी गेल्या, मला कळलंच नाही!"

"भीती वाटली की माझा वेग वाढतो, बाबा. मी काय करू?"

"तू काही करू नकोस. मी करतो!"

मग मास्तरांनी खुणा ठरवल्या. तळहात खाली दाबला की हळू. मूठ वळली की थांब आणि श्वास घे. बोटं वर उचलली की आवाज चढव. आठवडाभर दिवाणखान्यात नुसत्या खुणा चालल्या होत्या. आई भाजी चिरता चिरता म्हणाली, "काल दूधवाला पण तुमची मूठ बघून दारात थांबला! कॅन हातात धरून!"

"शिस्तीचा माणूस आहे," मास्तर म्हणाले.

स्पर्धेच्या दिवशी मास्तरांनी लग्नातला कोट चढवला. बटणं लागत नव्हती, पण पुढून फाइल धरली की दिसत नव्हतं. ते सगळ्यांच्या आधी सभागृहात हजर झाले आणि छकुलीला आपले हात नीट दिसतील अशी जागा शोधू लागले. अगदी व्यासपीठासमोर, परीक्षकांच्या शेजारी, एक छोटं टेबल होतं आणि मागे खुर्ची रिकामी. मास्तर जाऊन बसले. ती जागा वेळ मोजणाऱ्या कारकुनाची होती आणि कारकून अजून यायचा होता, हे मास्तरांना कोण सांगणार? कोट, फाइल आणि चेहऱ्यावरचा तो दरारा बघून हे कुणीतरी मोठे साहेब असणार, असं सगळ्यांनी मनोमन ठरवून टाकलं. परीक्षकांनी तर उठून नमस्कार केला!

स्पर्धक भिंतीला लागून एका लांब बाकावर ओळीने बसले होते. पहिला मुलगा उठला. विषय बॅटऱ्यांचा. बिचारा घाबरून असा काही धावत सुटला, की मास्तरांचा उजवा पाय टेबलाखाली आपोआप दाबला गेला आणि पाठोपाठ तळहात खाली गेला. मुलाने ते पाहिलं. साहेब सांगताहेत म्हटल्यावर तो एकदम हळू झाला आणि छान बोलला.

दुसरी मुलगी एका वाक्यात तीन वाक्यं कोंबू लागली. मास्तरांनी मूठ वळली. मुलगी थांबली. मास्तरांनी समाधानाने मान डोलावली. मुलगी थांबलेलीच! मूठ सोडायची असते हे मास्तर विसरले होते. सभागृह चिडीचूप. परीक्षक वहीत लिहू लागले. 'विरामाचा उत्तम वापर', असंच काहीतरी असावं!

मग उठला सुवर्णपदक. हे त्याचं नाव नव्हे, पण विद्यापीठात सगळे त्याला तसंच म्हणत. छकुलीला खरी भीती याची होती. हुशार म्हणावं तर एक नंबर, पण आवाज असा, की शर्टाच्या खिशाशी बोलतोय! मास्तर अस्वस्थ झाले. आणि काय सांगावं, त्यांची बोटं वर उचलली गेली! सुवर्णपदकाचा आवाज चढला. बोटं आणखी वर. आवाज आणखी वर! शेवटी गडी असा घुमला, की मागच्या रांगेतल्या आजोबांनी दचकून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या रांगेतून छकुलीच्या आईने पुढे वाकून मास्तरांच्या कोटाची शेपटी ओढली. "अहो! काय करताय काय? तो आपल्या छकुलीच्या विरोधात आहे!"

"म्हणून काय झालं?" मास्तर कुजबुजले. "समोर कुणी चुकीचं चालवत असेल तर मला बघवत नाही!"

"आता छकुलीची जागा जाताना बघा म्हणजे झालं!"

मास्तरांनी दोन्ही हात झटकन फाइलखाली दडवले. आणि नेमका तेव्हाच खरा कारकून घंटी घेऊन धापा टाकत आला. "साहेब, माफ करा, ही माझी जागा. आपण कोण?"

"मी छकुलीचा बाबा," मास्तर म्हणाले. एवढ्या मोठ्या साहेबांची एवढीशी ओळख ऐकून कारकुनाने त्यांना अदबीने उचललं आणि थेट शेवटच्या रांगेत, एका खांबाच्या आड नेऊन बसवलं. बाकावरच्या स्पर्धकांना वाटलं, साहेब आवाज मागपर्यंत पोचतो का ते तपासायला गेले! छकुली तेवढी डोळे मिटून भाषण घोकत होती.

आणि छकुलीचं नाव पुकारलं गेलं.

ती वर आली. समोरच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे बाबा नव्हते! एक अनोळखी माणूस घंटी पुसत होता. तिचा चेहरा उतरला, आणि उतारावरचा तो ट्रक सुटला! मुंग्या, वाट, वेग, गर्दी, सगळं एकमेकांवर आदळू लागलं. तिचं जंगल वाक्यागणिक लांब चाललं होतं, आणि खांबाआडून मास्तरांना ते ऐकू येत होतं.

मास्तर खुर्चीवर उभे राहिले. कोट शिवणीत टर्रकन फाटला. राहू दे! त्यांनी दोन्ही तळहात खाली दाबले. छकुलीला खांब दिसत होता, बाबा नाही. पण बाकावरच्या शेवटच्या मुलीने मागे वळून पाहिलं. साहेबांची खूण! साहेब सांगताहेत म्हटल्यावर तिनेही तळहात खाली दाबला. तिचं बघून शेजारच्याने दाबला. त्याचं बघून पुढच्याने. करता करता खूण बाकाच्या टोकाशी, व्यासपीठाच्या अगदी जवळ बसलेल्या सुवर्णपदकापर्यंत पोचली. तो क्षणभर घुटमळला. समोर उभी होती ती त्याचीच प्रतिस्पर्धी. मग त्यानेही तळहात खाली दाबला.

छकुलीने ते पाहिलं. थांबली. एक लांब श्वास घेतला. बाकाकडे पाहिलं, तिथे सगळे ओळीने तळहात दाबून बसले होते! आणि तिला हसूच फुटलं.

"जरा या बाकाकडे बघा," ती सावकाश म्हणाली. "सभागृहाच्या शेवटी एक माणूस आहे. मला तो दिसत नाही. पण 'हळू हो' हा त्याचा निरोप मला मिळाला. कुणी ओरडलं नाही, कुणी शिट्टी वाजवली नाही. प्रत्येकाने फक्त शेजाऱ्याकडे पाहिलं. मुंग्या नेमकं हेच करतात. म्हणून त्या तुंबत नाहीत. माझं सगळं संशोधन एवढंच आहे, आणि तुम्ही ते आत्ता डोळ्यांनी पाहिलंत."

घंटी वाजली. टाळ्या काही थांबेनात. मास्तर खुर्चीवरून उतरायचं विसरले होते. डोळ्यांना धार लागली होती, आणि त्या काचेला वायपर नव्हता!

पहिला नंबर छकुलीचा आला. दुसरा सुवर्णपदकाचा. त्याने खाली येऊन आधी मास्तरांचा हात धरला, "सर, आपल्यामुळे आज पहिल्यांदा माझा आवाज मलाच ऐकू आला!" मास्तरांनी भेटेल त्याला धरून सांगितलं, "माझी मुलगी! मुंग्यांची!" ज्यांनी आधीच अभिनंदन केलं होतं, त्यांनाही पुन्हा करावं लागलं.

मग प्रशिक्षिका बाई ध्वनिक्षेपकावर म्हणाल्या, "केंद्राची एकच अट आहे. जंगलात मुक्कामापासून कामाच्या जागेपर्यंत गाडी स्वतः चालवावी लागते. अर्थात, ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांच्या मुलीला हे काय सांगायचं!"

सभागृह खळखळून हसलं. तिघंजण तेवढे हसले नाहीत.

"तुला माहीत होतं?" रिक्षात मास्तरांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," छकुली म्हणाली. "पण तुम्हाला सांगितलं असतं तर भाषण राहिलं असतं बाजूला, आणि तुम्ही गाडी काढली असती!"

"मग आता काढू की!"

"काही नको!" आई म्हणाली. "तुम्ही शिकवायला बसलात तर जंगलातल्या मुंग्या म्हाताऱ्या होतील, पण हिला लायसन मिळायचं नाही!"

मास्तरांनी रात्रभर विचार केला. आणि सकाळी उठून, मान खाली घालून, चक्क पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन पोरीचं नाव घालून आले! ज्याच्याबद्दल ते आयुष्यभर सांगत आले होते, की तो गाडी शिकवत नाही, नशिबावर सोडून देतो, त्याच्याकडे! पण छकुलीला जंगल मिळायचं होतं, आणि त्यापुढे मास्तरांचं नाक ते केवढं!

काही दिवसांनी मास्तर शेजाऱ्यांबरोबर गॅलरीत उभे होते. खालच्या रस्त्यावरून ती गाडी आली. स्टिअरिंगवर छकुली. कोपऱ्यावर तिने वेग कमी केला, इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं आणि लोण्यातून सुरी फिरावी तसं वळण घेतलं.

"बघितलंत?" मास्तरांची छाती पुन्हा फुगली. "माझी मुलगी!"

"पण गाडीवर पाटी तर त्यांची आहे," शेजारी म्हणाले.

"पाटीचं काय घेऊन बसलात? वळण बघा, वळण!"

एवढ्यात खाडकन आवाज झाला. आतून छकुलीच्या आईने विचारलं, "अहो, काय फुटलं?"

मास्तरांनी खाली पाहिलं. गॅलरीतल्या कुंडीचे दोन तुकडे झाले होते, आणि मधोमध मातीत त्यांचा उजवा पाय होता.

"काही नाही गं," मास्तर म्हणाले. "व्यवस्थित वळली!"