उजव्या बाजूचे पाहुणे

नागपूरहून धुवून आलेल्या छत्तीसच्या छत्तीस फोटोंत नवरदेव नव्हता. नवरदेवच काय, साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, बपेऱ्याहून आलेला त्याचा बाप, आत्या, मामा, कोणी म्हणजे कोणीच नव्हतं. डावीकडे नवरी दामिनी लाजत बोट पुढे करून उभी, आणि अर्ध्या फोटोपासून उजवीकडे डांबरासारखा काळोख. एका फोटोत अंगठी घालणारा हात तेवढा मनगटापर्यंत आला होता.

फोटो काढणाऱ्या भैय्यालालांना घाम फुटला. पवनीतला त्यांचा फोटो स्टुडिओ बंद होऊन तिथं झेरॉक्सचं मशीन आलं, त्याला पंधरा वर्षं झाली होती. पण 'आपला एक फोटो कधी वाया गेला नाही' ही फुशारकी अजून चालूच होती. म्हणून तर लाडक्या भाचीनं हट्ट धरला होता, "मामाजी, मले तुमच्या रीलवाल्या कॅमेऱ्यातलेच फोटो पायजेत. मोबाइलचे त सारेच काढतेत."

मुलाचे वडील तुलाराम तेव्हाच म्हणाले होते, "साक्षगंधाचे काढा जी. चांगले आले त लग्नाचेही तुमीच काढा. नाई त आमचा ड्रोनवाला हायेच." आता सख्ख्या भाचीच्या लग्नात खुर्चीवर बसून ड्रोनकडे बघत राहायचं की काय!

आधी त्यांनी रीलला दोष दिला. मग फ्लॅशला. मग नागपूरच्या फोटो धुणाऱ्याला फोनवर झापलं. तो म्हणाला, "काका, निगेटिव्हच अर्धी कोरी आहे, मी काय करू?" शेवटी नाइलाजानं त्यांनी कॅमेऱ्यावर संशय घेतला. मागचं झाकण उघडून, खिडकीच्या उजेडाकडे धरून बटण दाबलं. आतला कापडी पडदा सर्रकन निघाला आणि अर्ध्या वाटेत अडला. बॅटरी मारून पाहिलं, तर पडद्याच्या खाचेत कुंकवानं माखलेला तांदळाचा दाणा!

"रत्नमाला! कॅमेऱ्यात अक्षता कोणं टाकल्या वो?"

"मीच टाकल्या," दुकानामागच्या स्वयंपाकघरातून बायकोचा शांत आवाज आला. "दसऱ्याले पूजा नाई करत काय त्याची?"

"ते त दरसाल वरून करतेस! यंदा आतमंदी कायले?"

"यंदा दामिनीचं मोठं काम होतं ना त्याले. म्हटलं, वरून वरून काहून, आतूनही करू. झाकण उघडलं, हळद-कुंकू वाह्यलं, अक्षता टाकल्या, झाकण लावलं. आता तुमीच सांगा, माहं काय चुकलं?"

पूजेला चूक म्हणायची हिंमत भैय्यालालांच्या सात पिढ्यांत कोणाला झाली नव्हती. त्यांनी चिमट्यानं दाणा काढला. पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला. वीस वेळा धाववून पाहिला आणि ते झेरॉक्स मशीनभोवती जवळजवळ नाचलेच.

पण बपेऱ्यात भडका उडालाच होता. फोटो पाहून नवरदेवाची आत्या मालनबाई म्हणाली, "आमी कोणीच नाई, त मंग साक्षगंध झालंच कुठं?" तुलारामनीही मान डोलावली. झालं! पुन्हा साक्षगंध ठरलं. दामिनीच्या वडिलांनी आसगावात पुन्हा मांडव टाकला, त्याच साड्या पुन्हा नेसल्या गेल्या, घातलेली अंगठी पुन्हा घालण्यासाठी काढली गेली. जेवणं मात्र सगळ्यांनी नव्यानं आणि पोटभर केली.

भैय्यालालांनी कॅमेरा डोळ्याला लावला. उजवीकडे चिटपाखरू नव्हतं. अख्खं बपेरा डावीकडे, दामिनीला चिकटून उभं.

"मालनबाई, उजवीकडं सरका जी."

"नाई सरकत! मांगं सरकलो होतो ना एक डाव."

"अवो, कॅमेरा सुधरला आता!"

"कॅमेरा सुधरला असन. आमचा भरोसा नाई सुधरला."

नवरदेव विक्की तर दामिनीच्याच खुर्चीत अर्धा येऊन बसला. दामिनीची काही हरकत दिसली नाही. भैय्यालालांनी हातापाया पडून पाहिलं, रागावून पाहिलं, आणि शेवटी छत्तीस वेळा बटण दाबलं.

फोटो आले. तुलारामनी प्रत्येकात स्वतःला गर्दीच्या मधोमध पाहिलं आणि खूश होऊन तिथूनच ड्रोनवाल्याला फोन लावला, "तुमी राहू द्या जी. लग्नाचे आमचे मामाजी काढतीन." दामिनी फोटो छातीशी धरून घरभर फिरली.

भैय्यालालांचं मात्र त्या गर्दीकडे लक्षच नव्हतं. ते उजव्या बाजूकडे बघत होते. दोन रिकाम्या खुर्च्या, एक कूलर आणि मांडवाचा बांबू, त्यावरच्या सुतळीचा पीळन् पीळ मोजून घ्यावा इतका लख्ख! त्यांचे डोळे भरून आले. तेवढाच भाग मोठा करून, चौकट बसवून त्यांनी झेरॉक्स मशीनच्या वर टांगला.

येणारी गिऱ्हाइकं विचारतात, "भाऊ, हा कायचा फोटो जी?"

"आमच्या दामिनीच्या साक्षगंधाचा," ते अभिमानानं सांगतात.

"पण याच्यात त कोणीच नाई."

"नाई ना. पण कसं साफ दिसून राहिलं, पाहा!"