सहा नंबरचा गवा

सकाळी साडेसातला ऑर्डेल स्टेनरूड पिकअपच्या मागच्या फळीवर चढला, टोपी मागे सरकवली आणि जमलेल्या साठ-सत्तर नेमबाजांना दरवर्षीचं प्रवचन सुरू केलं. हेस्टर क्रीकच्या माळावर जूनच्या दुसऱ्या शनिवारी जुन्या धाटणीच्या, काळ्या दारूच्या रायफलींची स्पर्धा होते, आणि नियम सांगण्याचा मान गेली अकरा वर्षं ऑर्डेलकडे आहे. हा मान त्याला कुणी दिला, ते कुणालाच आठवत नाही.

"नीट ऐका!" तो ओरडला. "आठशे यार्डांवरची निशाणं, म्हणजे ते पोलादी गवे, या वर्षी आठ नाहीत, नऊ आहेत. नवा गवा डावीकडे उभा केलाय. खांब मी स्वतः ठोकलेत. म्हणजे सगळ्यांचे नंबर एकेकाने सरकले. जुन्या सवयीने मारू नका. डावीकडून मोजा, मगच चाप ओढा. आणि जो कुणी शेजाऱ्याच्या गव्यावर गोळी घालेल..."

पुढचं वाक्य त्याने जिभेने नाही, घंटेने पुरं केलं. ती घंटा त्याच्याच गोठ्यातली. शेजाऱ्याच्या निशाणावर गोळी मारणाऱ्याने ती संध्याकाळपर्यंत गळ्यात घालून हिंडायचं, ही प्रथाही त्याचीच. गेल्या वर्षी पाद्री क्विन्टन यांनी तो पराक्रम केला होता आणि जेवणाआधीची प्रार्थना त्यांना गळ्यात घंटा घालूनच म्हणावी लागली होती. ते मान झुकवत तेव्हा घंटा वाजे आणि ऑर्डेल टेबलावर हात आपटून हसे.

पाद्रीसाहेब आजही समोरच उभे होते. "मोजू, ऑर्डेल, मोजू," ते म्हणाले.

अकराच्या सुमारास ऑर्डेलची पाळी आली. नेहमीसारखा त्याचा सहा नंबर. शेजारी सात नंबरवर म्हातारा ड्यूई ब्रेक. तो कानाने अधू आणि स्वभावाने कायम खूष. ऑर्डेलच्या डाव्या हाताला त्याचा मेहुणा लॉर्न, दुर्बीण लावून. या खेळात दुर्बिणीवाल्यावाचून नेमबाजाचं पान हलत नाही. बार उडाला की समोर धुराचा पांढरा ढग उभा राहतो, आणि गोळी लागली की हुकली, कुठे धूळ उडाली, हे दुर्बिणीवाल्यानेच सांगायचं. गेली बावीस वर्षं ऑर्डेलचे डोळे म्हणजे लॉर्न. गेल्या हिवाळ्यात लॉर्नच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ऑर्डेलने आठवडाभर त्याची गुरं सांभाळली होती. माणूस वाईट नाही. पण तोंडाला झडप नाही.

ऑर्डेल जमिनीवर बसला, रायफलीची नळी कैचीसारख्या बांधलेल्या दोन काठ्यांवर टेकवली, दस्त्यावरची नेम धरायची उभी पट्टी वर चढवली आणि छिद्रातून पाहिलं. टेकडीच्या पायथ्याला ते खुरटं जुनिपरचं झाड आणि त्याच्या बरोबर खाली त्याचा गवा. वर्षानुवर्षांची ओळख. त्याने चाप ओढला.

एक, दोन, तीन, चार, पाच... टण्ण!

"लागली!" ऑर्डेल म्हणाला.

"सहावर काही नाही," लॉर्न म्हणाला.

"अरे, टण्ण झालं की!"

"झालं. सहावर नाही झालं. धूळसुद्धा नाही."

ऑर्डेलने नळीत फुंकर मारून आतली काजळी मऊ केली, दुसरं काडतूस भरलं. शेजारी ड्यूईही बार उडवत होता. ओळीतल्या नऊही जणांचे बार मागेपुढे उडत होते, धूर जागचा हलत नव्हता आणि कुठलं टण्ण कुणाचं, ते देवालाच ठाऊक. दुसरी गोळी गेली. पाच मोजून पुन्हा टण्ण.

"सहावर काही नाही," लॉर्न म्हणाला. "पण ऑर्डेल, सातवर..."

"सातचं मला काय सांगतोस? सात ड्यूईचा! तू माझ्या गव्याकडे बघ!"

"बघतोय. म्हणूनच म्हणतोय, की सातच्या..."

"पुन्हा सात! लॉर्न, ऐक. सात नंबरचं एक अक्षर मला सांगू नकोस. सहावर काय झालं तेवढंच बोल. आणि तेही दिसत नसेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडून पैसे परत माग! आंधळा दुर्बिणीवाला घेऊन बसलोय मी!"

हे शेवटचं वाक्य नेमकं अशा क्षणी आलं, की ओळीतल्या सगळ्या रायफली एकदम थांबल्या होत्या. ते पार कॉफीच्या तंबूपर्यंत ऐकू गेलं.

लॉर्नने दुर्बिणीवरून डोळा काढला, मेहुण्याकडे क्षणभर पाहिलं आणि पुन्हा लावला. "बरं," तो म्हणाला.

उरलेल्या तीन गोळ्यांना तो "सहावर काही नाही" यापलीकडे एक शब्द बोलला नाही. तिसरी लागली असं ऑर्डेलला शपथेवर वाटत होतं. गुण लिहिणाऱ्या बर्निसने ते वाचून दाखवले. "सहा नंबर, ऑर्डेल, पाचपैकी शून्य. सात नंबर, ड्यूई, पाचपैकी पाच!"

ड्यूईने आयुष्यात दोनच्या वर मजल मारली नव्हती. लोकांनी टोप्या उडवल्या. ऑर्डेल ताडकन उठला. "शून्य? मी? चला खाली! माझा गवा तपासा!"

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बर्निस आणि तो पिकअपमध्ये बसून टेकडीच्या पायथ्याशी गेले. प्रत्येक पाळीआधी गव्यांना नवा पांढरा रंग देतात. सहा नंबरचा रंग तसाच होता, माशी बसल्याचाही डाग नाही. ऑर्डेलने मान वर केली. जुनिपर कुठे आहे? जुनिपर पलीकडे होतं, सात नंबरच्या डोक्यावर. त्या सात नंबरच्या अंगावर शिशाचे पाच करडे ठिपके होते, आणि त्यातले तीन मानेखाली, एका तळहातात मावतील इतके जवळ जवळ. अशी मोट बांधून मारणारा त्या माळावर एकच माणूस होता.

ऑर्डेलच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! खांब यानेच ठोकले, नंबर यानेच सरकवले, प्रवचन यानेच झोडलं.

"कोरा आहे," बर्निस म्हणाली. "मग गोळ्या गेल्या कुठे?"

खरं बोलायला ही जागा उत्तम होती. ऐकायला एक बाई आणि नऊ पोलादी जनावरं. पण ऑर्डेलच्या डोळ्यांपुढे घंटा आली, घंटेमागे पाद्री क्विन्टन आले, आणि त्याच्या तोंडून निघालं, "वरून गेल्या असतील. लॉर्नला बिचाऱ्याला दिसतच नाहीये गं. मला काही सांगूच शकला नाही."

'बिचाऱ्याला' हा शब्द त्याला उच्चारतानाच कडू लागला. पण बर्निसला तो गोड लागला. बर्निसच्या कानात पडलेली गोष्ट कधी तिथे मुक्काम करत नाही.

अर्ध्या तासात माळभर बातमी झाली की लॉर्न हॉगनचे डोळे गेले. बर्निसने स्वतः त्याच्यासाठी कॉफी आणली आणि एकेक बोट धरून त्याच्या मुठीत कप बसवला. "गरम आहे हं, लॉर्न," ती मोठ्याने म्हणाली. डोळे गेलेल्याला कमी ऐकू येतं, अशी आपली एक समजूत असते. दोन धट्टेकट्टे गुराखी त्याला दंडाला धरून संडासापर्यंत घेऊन गेले आणि दाराशी उभे राहिले. संडासाला फळ्यांच्या भिंती आहेत, चुकायला जागाच नाही. तरी आतून बाहेर येईपर्यंत दोघे दिशा सांगत होते.

ऑर्डेलला वाटलं, आता सांगावं. तो जवळ गेला. लॉर्न समोर शून्यात बघत होता.

"कोण? ऑर्डेल का?" लॉर्नने विचारलं.

ऑर्डेल त्याला निरखून पाहू लागला. याला खरंच दिसेनासं झालं की काय? माणसाला चारचौघांत आंधळा म्हटलं आणि त्याने ते मनाला लावून घेतलं, तर डोळ्यांवर परिणाम होत असेल? "मीच," तो म्हणाला. "वारा सुटलाय जरा."

"असेल," लॉर्न म्हणाला. "मला काय दिसतंय!"

तेवढ्यात मार्लिस आली. मार्लिस ही ऑर्डेलची बायको आणि लॉर्नची थोरली बहीण. तिने हात पुढे केला. "लॉर्न, पिकअपच्या चाव्या दे."

"कशाला?"

"कशाला म्हणून काय विचारतोस? परवा याच डोळ्यांनी तू माझ्या नातवंडांना गावात घेऊन गेला होतास! दे इकडे."

लॉर्नने निमूट चाव्या दिल्या. बावन्न वर्षांचा माणूस, चौदाव्या वर्षापासून गाडी चालवणारा. ऑर्डेल बघत राहिला. "मार्लिस, अगं इतकं काही..." त्याने सुरुवात केली.

"तू गप्प बस. तूच ओरडलास म्हणून कळलं तरी. हा स्वतः होऊन कधी बोलला असता?" तिने त्याच्या पाठीवर थोपटलं. "बरं केलंस."

बायकोने पाठीवर थोपटावं आणि माणसाला जमिनीत गडप व्हावंसं वाटावं, असा प्रसंग ऑर्डेलच्या संसारात पहिलाच. तो पिकअपच्या आडोशाला जाऊन उगाच रायफल पुसत बसला. ती दोनदा पुसून झाली होती.

दुपारपर्यंत बिलिंग्ज शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरची सोमवारची वेळ ठरली. तीनच्या सुमारास लॉर्नचं गवत कोण कापणार याची यादी फिरू लागली, आणि ती ऑर्डेलपुढे आली तेव्हा त्याने सगळ्यांच्या वर, दोन दिवसांसाठी, आपलं नाव घातलं. "मेहुणा असावा तर असा," कुणीतरी म्हणालं. ऑर्डेलला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. चार वाजता ड्यूई आला आणि अतिशय हळुवारपणे लॉर्नला म्हणाला, "घाई नाही, पण ती दुर्बीण विकायची झाली तर आधी मला सांग."

"विचार करतो," लॉर्न म्हणाला आणि दुर्बिणीवरून हात फिरवला. बावीस वर्षांची दुर्बीण. ती आठ महिने पैसे साठवून त्याने घेतली होती, आणि पहिल्या दिवशी तिच्यातून ऑर्डेलचाच पहिला गवा वाजताना पाहिला होता. ऑर्डेलला पुढचं बघवेना. तो पाठ फिरवून चालू लागला. त्याने स्वतःला समजावलं, की ड्यूईचा आनंद कशाला हिरावून घ्यायचा. पण मनातल्या मनात त्याला पक्कं ठाऊक होतं, की ड्यूईचं नुसतं निमित्त. भीती घंटेची.

संध्याकाळी शेडमध्ये जेवणाची टेबलं लागली. भाजलेलं मांस, घेवडा, बटाट्याचं सॅलड, रुबार्बच्या आंबटगोड देठांची पाय-पेस्ट्री. लॉर्नसमोरच्या ताटातलं मांस मार्लिसने बारीक कापून ठेवलं होतं. पाद्री क्विन्टन उभे राहिले. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"हे प्रभो, या अन्नाबद्दल तुझे आभार. आणि आज विशेष मागणं, आमच्या लॉर्नच्या दृष्टीसाठी. त्याच्या डोळ्यांत पुन्हा प्रकाश दे. आणि ऑर्डेलसारखा मेहुणा त्याला दिलास, त्याबद्दलही..."

"थांबा!" ऑर्डेल उभा राहिला होता. खुर्ची मागे पडली. "देवाला यात ओढू नका. लॉर्नचे डोळे ठणठणीत आहेत. मीच शेजाऱ्याच्या गव्यावर मारलं. पाचही गोळ्या. जुनिपर बघून मारलं, मोजलं नाही. खाली गेलो तेव्हा कळलं, आणि मी खोटं बोललो."

शेडमधल्या साऱ्या माना एकदम वर झाल्या. ऑर्डेलचा चेहरा बिटासारखा लाल झाला होता. बर्निस तोंडावर हात ठेवून बसली. मार्लिस त्याच्याकडे अशी बघत होती, की घंटेची शिक्षा त्याला एकदम हलकी वाटू लागली.

"मला शंका आलीच होती," ड्यूई म्हणाला. "माझ्या गोळ्या मी चाप ओढायच्या आधीच पोचत होत्या."

मग मात्र छप्पर उडेल इतका हशा झाला. पाद्रीसाहेबांनी घंटा आणली आणि ख्रिस्ती माणसाला शोभेल इतक्याच आनंदाने ऑर्डेलच्या गळ्यात बांधली. तो खाली बसला, घंटा वाजली आणि पुन्हा हशा झाला. ऑर्डेल कुणाकडेही न बघता ताटाकडे बघत राहिला. मग लॉर्नकडे न वळताच म्हणाला, "तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या गोळीला. शिसं सातच्या मानेखाली उडालं. सुंदर मारली होतीस."

"मग बोलला का नाहीस?"

"तूच म्हणालास, सातचं एक अक्षर सांगू नकोस."

"ते पाच गोळ्यांपुरतं होतं रे! नंतर? चाव्या घेतल्या, संडासापर्यंत धरून नेलं, तेव्हा तरी?"

"तेव्हा बघत होतो."

"काय बघत होतास?"

"तू मला किती वेळ आंधळा ठेवतोस ते." लॉर्नने आता पहिल्यांदा मान उचलली. आवाजात हसू नव्हतं. शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, दाराच्या वर एक जुनं घड्याळ टांगलेलं होतं. त्याने तिकडे पाहिलं. "सहा तास अकरा मिनिटं."

ऑर्डेलने वळून पाहिलं. डोळे बारीक केले, टोपी पुढे ओढली, मान तिरपी केली. घड्याळाची पांढरी तबकडी कशीबशी दिसत होती.

"मला काटे दिसत नाहीयेत, लॉर्न," तो म्हणाला. हे मात्र त्याने लगेच सांगितलं.