भिवा मुंगसाची सीट

एका जंगलात भिवा मुंगूस राहायचा. नीट बसा रे पोरांनो, चुळबूळ नको. गोष्ट छोटी आहे, पण तीत एक सायकल आहे.

भिवा टपाल वाटायचा. पायी. सहा वर्षे तो टेकडीवरून तळ्याकडे आणि तळ्याकडून टेकडीवर पळत होता, आणि सहाही वर्षे हंगामीच होता. मग एक दिवस टपालमास्तर बगळ्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "भिवा, तुला कायम करायचं म्हणतो. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी अकरा वाजता स्वतःची सायकल घेऊन ये. सीटवर बसायचं आणि दोन्ही पाय जमिनीला टेकवून दाखवायचे. नियम आहे."

"आणि नाही टेकले तर?"

"तर जागा उदमांजराला. त्याच्याकडे सायकल तयार आहे."

भिवाने लगोलग नीलगायीची जुनी सायकल विकत घेतली. आता तुम्ही विचाराल, आधी बसून बघितली का? नाही बघितली. त्या जंगलात जुनी वस्तू मालकासमोर पारखणे म्हणजे त्याला तोंडावर खोटे म्हणणे. म्हणून सगळे जण वस्तू घरी आणून पारखायचे आणि घरीच कपाळाला हात लावायचे. भिवानेही लावला. सीट नीलगायीच्या उंचीची होती. भिवा वर चढून बसला, तर पाय पेडलला पोचेनात. जमिनीचे तर नावच काढू नका.

"मग खाली करा की," त्याची बायको गोजी म्हणाली.

भिवाने नट सैल केला. सीट हलली नाही. तिचा दांडा आतल्या आत गंजून सायकलीला घट्ट चिकटला होता. भिवाने सीटला धरून ओढले. गोजीने भिवाला धरून ओढले. दोघेही धपकन पाठीवर पडले. सीट जागच्या जागी.

मग सायकल गेनूकाकांकडे गेली. गेनूकाका म्हणजे खवले मांजर. जंगलातल्या सगळ्या सायकली तेच दुरुस्त करायचे, आणि बोलायचे अगदी मोजके. त्यांनी दांड्यावर नखाने टिचकी मारली.

"ओढू नकोस, पिळ. रोज तेल घाल. आणि थांब."

संपले. पुढे हूं नाही की चूं नाही.

भिवाने तसेच केले. रोज सकाळी टपालाला निघण्याआधी तो दांड्याच्या फटीत तेल सोडायचा, लाकडी मोगरीने हळूच ठोकायचा आणि सीट दोन्ही हातांनी पिळायचा. पहिले तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी दांडा म्हणाला, "कुईं."

अहाहा! भिवा अंगणभर नाचला. आणि त्याच आनंदात त्याने नको ते केले. वाटेत भेटलेल्या नानासाहेब तरसांना सगळे सांगून टाकले.

नानासाहेब म्हणजे जंगलाच्या सत्कार समितीचे अध्यक्ष. त्या जंगलात पाणवठ्याची पायरी बसवायची तरी कुणाच्या तरी शुभहस्ते बसायची.

"अरे वेड्या, एवढं मोठं काम आणि घरच्या घरी उरकतोयस? सीट निघणार कुणाच्या हस्ते?"

"माझ्याच," भिवा म्हणाला.

नानासाहेब इतके हसले, इतके हसले की झाडावरची माकडे खाली उतरून बघायला आली.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. ठरले. सोमवारी सकाळी दहा वाजता सीटमुक्ती सोहळा. शुभहस्ते : सिंहमहाराज. चारशे पत्रिका छापल्या. त्या वाटल्या कुणी? भिवाने. पायी.

शनिवारी दुपारी भिवाने नेहमीसारखी सीट पिळली. कुईं... खर्र... आणि दांडा अख्खा बाहेर! भिवाला रडूच आले. गोजीने दांड्याचा गंज घासून काढला, भिवाने ग्रीस लावले, सीट पार खाली बसवली आणि वर टांग टाकली.

"टेकले हो! दोन्ही टेकले!" गोजी ओरडली.

ती ओरड ऐकून नानासाहेब धावत आले. "हे रे काय केलंस?"

"निघाली, नानासाहेब!"

"ते दिसतंय मला. मग महाराज सोमवारी काय उपटणार, तुझ्या मिश्या? मंडप पडलाय. महाराज दोन दिवस पंजांना मालिश करून घेतायत. परत बसव. होती तशी, उंच. फक्त सैल ठेव."

"पण अकराला माझी परीक्षा आहे."

"दहाला सोहळा, अकराला परीक्षा. तासभर आहे की तुझ्या हातात!"

भिवाला नाही म्हणता आले नाही. पत्रिका त्यानेच वाटल्या होत्या ना.

सोमवारी भाषणेच पाऊण तास चालली. मग महाराज उठले. त्यांनी सीट धरली, डोळे मिटले, डरकाळी फोडली. सीट वर आली. ढोल वाजले. सशांना भरून आले.

"अवघड होतं," महाराज घाम पुसत म्हणाले.

"हा ऐतिहासिक दांडा," नानासाहेब ओरडले, "सीटसकट महाराजांच्या गुहेत कायमचा मांडला जाईल!"

टाळ्यांचा कडकडाट. सीटची मिरवणूक निघाली. भिवा मागे पळाला. "महाराज, अहो, माझी सीट..."

"अरे हो, हा राहिलाच!" असे म्हणत नानासाहेबांनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली.

तेवढ्यात अकराचे टोले पडले आणि बगळेमास्तर परीक्षा घ्यायला समोर येऊन उभे राहिले. भिवाने शालीची घडी केली, सायकलीच्या आडव्या दांडीवर ठेवली आणि वर बसला.

"पाय टेकले, मास्तर! दोन्ही!"

बगळेमास्तरांनी वाकून पाहिले. "टेकले खरे. पण नियमात सीट म्हटलंय. ही शाल आहे."

जागा उदमांजराला मिळाली. भिवा सायकल ढकलत घरी आला. गोजी त्याच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. सहा वर्षे हो!

आठवड्याने दारात घंटी वाजली. उदमांजर सायकलवरून पहिले टपाल घेऊन आले होते. समितीचे आभारपत्र होते. सीट काढण्यासाठी झटलेल्या सर्वांची नावे त्यात होती. महाराज, नानासाहेब, मंडपवाले, ढोलवाले, अगदी सीट उंच ठेवल्याबद्दल नीलगायसुद्धा. भिवाने पत्र वरपासून खालपर्यंत दोनदा वाचले. त्याचेही नाव होते. पाकिटावर.

तात्पर्य : चिकाटीने केलेले काम कधीच वाया जात नाही. ते कुणाच्या ना कुणाच्या नावावर लागतेच.