पर्याय वाचा

विष्णूआबांच्या अंगणात गेल्यावर आधी पाणी मिळत नाही, प्रश्न मिळतो. "नमुना कसा निवडला?"

मी सर्वेक्षणांचं काम बघते. आबांचं गाव घोरावाडी स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे, काम उरकून संध्याकाळच्या आत पुण्याला परतता येतं. त्यामुळे ग्रामीण समाजाचा अभ्यास करायचा म्हटलं की सगळे तिथेच जातात. आहार, मतदान, शौचालय, मोबाइल, प्रत्येक पाहणीत आबा आहेत. माझ्या यादीत त्यांच्या नावापुढे 'वेळ दुप्पट धरणे' अशी नोंद आहे.

कारण ते प्रश्न तपासतात. एका विद्यार्थिनीने विचारलं, "सुनेला शिकू आणि नोकरी करू देता का?"

"ह्यात दोन प्रश्न हायत, बाई. कुटल्याचं उत्तर लिवनार?"

वडगावच्या कचेरीत कारकून म्हणाला, "काय काम आहे?" आबा म्हणाले, "पर्याय वाचा."

दोन वर्षांपूर्वी जोडप्यांची पाहणी होती. नवरा-बायकोला वेगवेगळं विचारायचं, एकाचं उत्तर दुसऱ्याला कळू द्यायचं नाही, असा नियम. आबांना अंगणात बसवून मी आत गंगूमावशींना विचारलं, "संसारात समाधानी आहात का?" त्या बराच वेळ चुलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फुडचं इचार." मी 'उत्तर दिले नाही' यावर खूण केली.

मावशी गेल्या वर्षी वारल्या. परवा छापील अहवाल द्यायला मी आबांकडे गेले. बहुतेक स्त्रिया संसारात समाधानी आहेत, असा त्याचा निष्कर्ष. आबांनी एकेक पान उलटून पाहिलं.

"ह्यात आमची कुटं हाय?"

"नावं नसतात, आबा. आणि मला सांगता येत नाही."

"नियम ठावं हाय मला. उत्तर नगाच सांगू." घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यांनी आवाज खाली आणला. "निस्तं येवढं सांगा ताई, लगीच बोलली का इचार करून?"

इतक्या वर्षांत मी एकही खोटी नोंद केलेली नाही.

"लगेच," मी म्हणाले.

आबांनी अहवाल मिटून मांडीवर ठेवला.

"मग व्हय म्हनली असनार. न्हाई म्हनायला तिला लय येळ लागायचा."