दोन्हीकडचे निकम सर

निकम सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते समोरच्या टीमच्या गोलकीपरला, आपल्याच मुलांचा फटका कसा अडवायचा ते समजावून सांगत होते. मॅच चालू होती. गोलकीपरने नीट ऐकून घेतलं, पुढचाच बॉल अडवला, आणि सरांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या बाजूचे पालक एकमेकांकडे पाहू लागले. मी नवीन होतो. मला वाटलं, फुटबॉलमध्ये अशीच पद्धत असेल.

मला फुटबॉलमधलं फार कळत नाही हे आधीच सांगतो. मी सुरगाण्याकडचा. दादा इथे नाशिकला, अंबडच्या एका कंपनीत आहे, त्याच्याकडे राहून कॉलेज करतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे गॅसची तक्रार, बँकेचा फॉर्म आणि ईशानचा फुटबॉल या सगळ्या गोष्टी मला आपोआप येतात अशी दादा-वहिनीची समजूत आहे. ईशान माझा पुतण्या, पहिलीत आहे. त्याला रोज सकाळी मैदानावर न्यायचं आणि आणायचं काम माझं.

सर मूळचे नामपूरकडचे. तिकडे शाळेत पीटी शिकवून रिटायर झाले आणि नाशिकला आले. आमच्या कॉलनीच्या मैदानावर पहिली-दुसरीच्या पोरांना ते फुटबॉल शिकवायचे. पँट मोज्यांत खोचलेली, थंडीत गळ्याला मफलर, पिशवीत गूळ-शेंगदाण्यांचा डबा. आल्याआल्या पहिला प्रश्न असायचा, "शी कोणाला लागलीय? आत्ता सांगा. बॉल पायात आल्यावर सांगू नका." तरी बॉल पायात आल्यावर सांगणारा एखादा निघायचाच. मग सर खेळ थांबवून त्याला समोरच्या घरी घेऊन जायचे. त्या घरच्या काकू आता विचारतही नव्हत्या, नुसतं दार उघडायच्या.

या वयाच्या पोरांचा फुटबॉल तुम्ही पाहिला असेल. बॉल जाईल तिकडे सगळी पोरं एका घोळक्यात जातात, गोलकीपरसुद्धा. त्यावर सरांचा ठरलेला शब्द होता. नामपूरला कांद्याच्या मार्केटमध्ये एका ट्रॅक्टरभोवती सगळे व्यापारी गर्दी करतात, तसं ते त्यांना दिसायचं. "लिलाव मोडा रे, लिलाव मोडा," असं ते मैदानाच्या कडेने पळत सांगायचे. पोरांनी आयुष्यात कांद्याचा लिलाव पाहिला नव्हता, पण ती लगेच पांगायची. ईशान तर घरी पाहुणे जास्त झाले की स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून लिलाव मोडा म्हणतो.

सर रंगात आले की गावाकडची अहिराणी बोलायचे. बॉल कोठे शे, असं विचारलं की इंग्लिश मीडियमची ती सगळी पोरं एका सुरात आठे शे म्हणायची.

स्कोअर ते ठेवत नसत. समोरच्या टीमच्या पोराची लेस सुटलेली दिसली की भर मॅचमध्ये आत जाऊन बांधायचे, दोन गाठी मारून. पालकांनी हटकलं तर म्हणायचे, "तिकडची पण पोरंच आहेत की हो." अशाने आम्ही जवळजवळ प्रत्येक मॅच हरायचो.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला हे किती दिवस चालणार? ग्रुपचे अ‍ॅडमिन म्हणून एक गृहस्थ होते, त्यांचं खरं नाव मला अजून माहीत नाही. त्यांनी मीटिंग बोलावली. गंगापूर रोडला एक अकॅडमी होती. तिथे टर्फ होतं, रंगीत कोन होते, आणि प्रत्येक मुलाचा व्हिडिओ पालकांना मिळायचा. येत्या रविवारची मॅच हरलो तर सगळ्या मुलांना तिकडे घालायचं, असं ठरत आलं. दादाने मला पाठवलं होतं, म्हणून मी धीर करून उभा राहिलो आणि म्हणालो की पोरं इथे खूश आहेत. अ‍ॅडमिनसाहेब म्हणाले, खूश तर ती घरी पण असतात. सगळे हसले. मी बसलो.

सरांना हे सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. ते डब्यातले शेंगदाणे निवडत होते. हात थांबला.

"सगळी जाणार?"

मी हो म्हणालो.

"मग जिंकावंच लागेल," असं म्हणून त्यांनी डबा माझ्यापुढे धरला.

रविवारी सर मफलर तोंडावर घट्ट बांधून आले. दात दुखतोय का, असं मी विचारलं. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं आणि समोरच्या टीमकडे बोट दाखवलं. तिकडच्या पोरांना आज काही सांगायचं नाही असा निश्चय होता. समोरची पोरं चुकत होती आणि मफलरच्या आतून नुसते हुंकार येत होते. मध्यंतराच्या जरा आधी आमचा एक गोल झाला. अ‍ॅडमिनसाहेबांनी चक्क मला टाळी दिली.

मॅच संपत आली होती. तेवढ्यात समोरची गोलकीपर, दोन वेण्यांची एक मुलगी, मटकन खाली बसली आणि रडू लागली. तिचा पुढचा दात हलत होता, तो पडला आणि मातीत कुठेतरी गेला. दात हरवला तर नवीन येणार नाही, असं तिला कोणीतरी सांगितलेलं.

सरांनी आमच्याकडे एकदा पाहिलं. मग मफलर सोडला.

"सगळ्यांनी खाली बसा. दात शोधायचाय. पाय उचलताना बघून उचला."

दोन्हीकडची पोरं गुडघ्यांवर बसून माती चाळू लागली. आमचा गोलकीपरही आपला गोल सोडून मदतीला धावला. मात्र समोरच्या टीममध्ये दातात रस नसलेला एक मुलगा होता. त्याने बॉल घेतला, पूर्ण मैदान शांतपणे पार केलं आणि रिकाम्या गोलात घातला. रेफरीने शिट्टी वाजवून खेळ थांबवलेलाच नव्हता, त्यामुळे गोल धरला गेला. त्याच वेळी ईशानला दात सापडला, आणि जो जल्लोष झाला तो त्या मुलाला आपल्यासाठीच वाटला असणार. नंतर खेळ सुरू झाला तरी सोहम, गार्गी, आमची सगळीच पोरं बोटाने आपापले दात हलवून बघत होती. त्यात दुसरा गोल बसला. आम्ही हरलो.

सोमवारपासून पोरं अकॅडमीत जाऊ लागली. ईशानला व्हॅन न्यायला येते. माझी सकाळ मोकळी झाली.

महिनाभराने ईशानचा दात पडला. वहिनी म्हणाली कुंडीत पुर. तो ऐकेना. दात सरांच्या घराच्या पत्र्यावरच टाकायचा असतो, सगळ्यांनी तिथेच टाकलेत, फ्लॅटच्या स्लॅबवर टाकला तर उंदराला आवाज जात नाही आणि तो नवा दात देत नाही, असं तो म्हणाला. मला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला घेऊन गेलो.

सरांचं घर दोन उंच बिल्डिंगांच्या मध्ये आहे. बसकं, पत्र्याचं. सर तिथे एकटेच राहतात. त्या दिवशी शिडी लावलेली होती. घर गळतं म्हणून त्यांच्या मुलाने बंगळुरूहून फोनवर पत्रे बदलायला माणूस ठरवून दिला होता, तो वर चढलेला. आम्ही पोहोचलो तर तो वरून घाबऱ्या आवाजात सांगत होता, "काका, इथं विटांपाशी दात पडलेत. लय हायेत. माणसाचे दिसतायत."

"पोरांचे आहेत," सर म्हणाले. "हात लावू नको."

आम्हाला पाहून ते पुढे आले आणि खाली वाकून ईशानला तोंड उघडायला लावलं. खालचा, डावीकडचा, असं स्वतःशीच म्हणाले. ईशानने दात वर फेकला. पत्र्यावर टण्ण वाजलं. सर मान वर करून तो आवाज पूर्ण थांबेपर्यंत ऐकत राहिले.

मग त्यांनी त्या माणसाला खाली उतरायला सांगितलं. पावसाच्या तोंडावर ये म्हणाले. तो वैतागला. तेव्हा खूप घाई होईल, आत्ता काय अडचण आहे, असं विचारू लागला.

सर शिडी धरून उभे होते.

"सोहमचा हलतोय अजून," ते म्हणाले. "आणि गार्गीचे दोन."